होनवाडीची पिवळी पूड

एक

चोर कंपाउंडर मला नुसत्या वासावर कळतो, असं आमच्या आरोग्य खात्यात बोललं जायचं. ते बोलणं पसरवणारा मीच होतो, हा भाग वेगळा. पण चौसष्ट सालापर्यंत मी तिघांना रंगेहाथ धरलं होतं हे खरं. एकाच्या खोकल्याच्या बाटलीत गुळवणी निघाली, दुसऱ्याच्या इंजेक्शनात आडाचं पाणी आणि तिसऱ्याच्या मलमात बैलगाडीचं वंगण. त्यामुळं त्या फाल्गुनात होनवाडीच्या गोरोबाचा अर्ज टेबलावर आला, तेव्हा चौथा गडी गावला म्हणून मी खुशीतच अणदूरची एसटी धरली. आज ती खुशी आठवली की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

अर्ज गावच्या मास्तरांनी लिहून दिलेला दिसत होता. 'होनवाडीच्या सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर कल्याणप्पा याने माझा मुलगा बिरू, वय वर्षे पाच, यास रक्ती आवेवर औषध म्हणून हळद दिली. मूल मयत झाले. आता त्याची थोरली बहीण बाणू त्याच दुखण्याने पडली आहे. खरे औषध कुठे दडवले आहे ते साहेबांनी शोधून काढून द्यावे, म्हणजे पोरगी वाचेल.' खाली अंगठा. कंपाउंडरला शिक्षा करा असं त्यात कुठंच नव्हतं, आणि असा अर्ज मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी अंबादास, तुळजापूरचा. घरी भाऊ देवीच्या पूजेची पाळी सांभाळतात आणि मी सरकारी औषधांचा साठा तपासतो. म्हणजे डॉक्टर नव्हे, गोळ्या मोजणारा. अणदूरपासून होनवाडी दोन कोस. दवाखान्याच्या दोन खोल्या, डॉक्टरची जागा दोन वर्षं रिकामी, सगळा कारभार एकट्या कल्याणप्पाकडं. मी आधी तिकडं न जाता सरळ धनगरगल्लीत गोरोबाच्या घरी गेलो. चोराला सावध करायचं नाही, हा माझा नियम.

बाणू सात वर्षांची असेल. घोंगडीवर पडून होती, डोळे खोल गेलेले. तिची आई हरणाबाई चुलीपाशी पेज ढवळत होती आणि गोरोबाची आई म्हाळसाबाई उशाशी बसून पदरानं माश्या वारत होती. पोरीनं माझ्या पिशवीकडं बघितलं.

"तुमी खरं औषद आणलं व्हय?" तिनं विचारलं.

"शोधायला आलोय," मी म्हटलं.

"बिगी शोधा," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

गोरोबानं देव्हाऱ्याखालून एक कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. आत पिवळी पूड होती. "हीच बघा सायेब. आवेचं औषद म्हणून देतोय त्यो."

हळद ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मी पान खाणारा माणूस, चुन्याची डबी खिशातच. हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते, हे कुठल्याही सुवासिनीला माहीत असतं. मी चिमूटभर पूड तळहातावर घेतली आणि तीवर चुन्याचं बोट फिरवलं. तळहात लालभडक झाला.

दोन

कल्याणप्पा चाळिशीचा, गळ्यात लिंग, नळदुर्गकडचा. मी त्याच्या खोलीची झडती घेतली तेव्हा तो कोपऱ्यात हात जोडून उभा होता. खाटेखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. झाकण उघडलं तर आत कॅप्सूलच्या रिकाम्या टोप्या, शेकड्यांनी. औषध काढून घेतलेलं आणि टरफलं तेवढी ठेवलेली.

"आता बोला," मी म्हटलं.

"साहेब, आपल्याच ऑफिसाचा कागद आहे तसा," तो म्हणाला. "वापरलेल्या औषधाची रिकामी भांडी तपासणीस दाखवावीत, म्हणून. टोपी म्हंजे भांडंच की."

तो कागद मीच लिहिला होता. बाटल्यांसाठी. कुणी टोप्या साठवून ठेवील असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पण फोडता कशाला टोप्या?"

"गावात कुणी गिळत न्हाय साहेब. पलाष्टिक आतड्यात अडकतं म्हणत्यात. मग मी आतली पूड पुडीत बांधून देतो. टेट्रासायक्लिन ते. दोन वर्षं झाली, सल्फाच्या गोळ्यांच्या जोडीला आलं. रंगानं पिवळंच असतं."

माझा विश्वास बसला नाही. मी सीलबंद डबा मागवला, माझ्या हातानं फोडला आणि दहा कॅप्सूल उघडून एकेकीच्या पुडीला चुना लावला. एकही लाल झाली नाही. जिभेवर ठेवून बघितली, कडूजहर. औषध अस्सल होतं.

मग हळद आली कुठून? कल्याणप्पानं डब्यातलं अस्सल ठेवून घेऊन पुडीत हळद बांधली असेल, असा माझा तर्क. तो मी तोंडावर सांगितला तेव्हा तो पहिल्यांदा चिडला.

"बिरूला मी पुडी दिलीच न्हाय. त्याच्या घरी जाऊन स्वतः पाजलं. पाच दिवस, दिवसातनं चार वेळा. त्याच्या आईला विचारा."

हरणाबाईला विचारलं. ती धनगराची सून, कंपाउंडरची बाजू घ्यायचं तिला काही कारण नव्हतं. "व्हय," ती म्हणाली. "माझ्यासमूर टोपी उघडायचा, गुळाच्या पाण्यात कालवायचा. पोरगं थुकलं तर परत द्यायचा. आमच्या मालकांस्नी पटत न्हाय, पण म्या डोळ्यांनी बघितलंया."

"मग त्या पुडीत हळद कशी?"

म्हाळसाबाई उशाशीच होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विचारतोय की पोळीत पीठ कसं. "त्यो भंडारा हाय. म्या घातला."

तिचं म्हणणं असं. होनवाडी खंडोबाची. देवाचा भंडारा म्हणजे हळदच, आणि तो कुणी एकट्यानं घेत नाही. ही नवी पिवळी पूड दवाखान्यात आली, दुखणेकऱ्याला गुण यायला लागला, तेव्हा गल्लीतल्या बायांनी ठरवूनच टाकलं की हे देवाचंच. कुणाच्याही घरी पुडी आली की ती आधी म्हाळसाबाईच्या देव्हाऱ्यात यायची. ती त्यात चिमूटभर भंडारा मिसळायची, दुखणेकऱ्याला त्याचा वाटा द्यायची आणि उरलेलं अख्ख्या गल्लीला चिमूट चिमूट वाटायची. लेकराबाळांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, धडधाकट गड्यांनासुद्धा.

"देवाचं एकट्यानं खाल्लं तर बाधतं," ती म्हणाली. पुडी अशी वाटली जाते एवढं कल्याणप्पाला माहीत होतं, हळदीचं नव्हे, म्हणूनच तो बिरूला स्वतः पाजायला जायचा.

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं, खेडवळ खुळचटपणा म्हणून मनात हसलो आणि पान उलटलं. तपासातली एवढी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी केली नाही.

तीन

हळदीचं कोडं सुटलं, पण त्यानं पेच वाढलाच. औषध अस्सल, मात्रा पुरी, पाजणारा विश्वासू, आणि पोरगं मेलं. मग दुसरं काहीतरी पोटात गेलं असणार. विष. मी गावात वैरी शोधायला लागलो आणि खेड्यात वैरी शोधायला फार चालावं लागत नाही.

गल्लीच्या टोकाचं घर कोंडीरामाचं. गोरोबाचा चुलतभाऊ. दोन वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं, तेव्हापासून दोन घरांत पाण्याचा तांब्यासुद्धा फिरत नव्हता.

"त्यांचं पोरगं गेलं, वाईट झालं," कोंडीराम म्हणाला. "पर आमी त्या घरातलं कायबी घेत न्हाय अन् देत न्हाय. म्हातारीचा भंडारासुदिक घेत न्हाय. आमचा देव्हारा येगळा."

"तुमच्या घरी आव नव्हती?"

"हुती की. दोन्ही घरं जत्रंला गेलती. तिथनं आलो अन् माझी पोरगी पडली. बिरू अन् ती एकाच दिशी. कल्याणप्पानं औषद दिलं, तीन दिसांत चांगली झाली. ती बघा, शेरडं हाकतीया."

मी चमकलो. एकच जत्रा, एकच विहीर, एकाच दिवशी सुरू झालेलं दुखणं आणि एकाच डब्यातलं औषध. एका घरात गुण आला आणि दुसऱ्या घरात मरण. कल्याणप्पाचं आणि कोंडीरामाचं संगनमत, हा विचार मनात आला नाही असं नाही.

तिसरा संशयित बब्रुवान. पलटणीच्या दवाखान्यात झाडू मारायचा आणि आता सायकलवरून गावोगाव लाल रंगाच्या ताकदीच्या सुया टोचत हिंडायचा. पुडीत हळद आहे असं गोरोबाच्या कानात भरवणारा तोच.

"मी का भरवीन? मला वाटलंच तसं," तो म्हणाला. "पोरगं मरतंय म्हंजे औषद खोटंच न्हवं का? खरं औषद असल्यावर माणूस मरतंय व्हय?"

त्याच्या पेटीत ताकदीच्या सुयांखेरीज काही निघालं नाही. कल्याणप्पाला हाकलून दवाखान्यात बसायची त्याला हाव होती, पण हावेनं कुणाला आव होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाणूच्या शौचाचा नमुना बाटलीत घेऊन सोलापूर गाठलं. तिथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर चंद्रप्रभाबाई होत्या. पन्नाशीच्या आत, बारीक, तोंडानं फटकळ. जंतू वाढवून त्यांच्यावर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या आणि कुठल्या औषधानं ते मरतात ते बघायचं, हे त्यांचं काम.

"पोरीला इकडं का नाही आणलं?" त्यांनी विचारलं.

"बिरूला आणताना तो वाटेतच गेला. आता आई हलवू देत नाही."

त्या उठून कपाटाशी गेल्या. मग त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल दिल्या. "हे तुमच्या दवाखान्यात कधी गेलेलं नाही ना? मग याला जंतू सरावलेले नसतील. आजपासून द्या. पेजेत मीठ घाला, पाणी पाजत राहा. तीन दिवसांनी निकाल घेऊन मी स्वतः येते."

मी ते औषध छातीशी धरून परत आलो. गोरोबानं ते दोन्ही हातांनी घेतलं. "हे खरं न्हवं?" त्यानं विचारलं. मी खात्रीनं हो म्हणालो. तीन दिवस मी स्वतः बाणूजवळ बसून घड्याळ बघून मात्रा दिल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हरणाबाईनं फडकं बाहेर आणून दाखवलं. त्यावर रक्त कालच्यापेक्षा जास्त होतं.

चार

चंद्रप्रभाबाई एसटीतून उतरल्या त्या सलाइनच्या बाटल्या घेऊन. आधी त्यांनी बाणूला सुई लावली. पोरगी हूं की चूं करेना. मग आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर बसलो. कल्याणप्पा होता आणि मागोमाग गोरोबाही येऊन उभा राहिला.

"अंबादासराव, तुमच्या कंपाउंडरनं काही केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मी बाणूच्या जंतूंवर चार औषधं घातली. सल्फा, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन. चारीत जंतू मजेत वाढले."

"पण शेवटची दोन या गावात कधी आलीच नाहीत," मी म्हटलं. "न पाहिलेल्या औषधाला जंतू कसा दाद देत नाही?"

"तोच तर प्रश्न आहे. जंतू एखाद्या औषधाला आपोआप, नशिबानं सरावतो. लाखांत, कोटीत एखादा. पण चार औषधांना चार वेळा असं नशीब उघडायचं, तेही बिरूच्या आठ दिवसांच्या दुखण्यात? आणि त्याच जत्रेतून तेच दुखणं घेऊन आलेल्या कोंडीरामाच्या पोरीत काहीच नाही? हे नशिबाचं काम नाही. कुणीतरी त्यांना चारी औषधांतून सुटायच्या किल्ल्यांचा जुडगा एकदम हातात दिलाय. कुणी दिला ते मला शोधायचंय."

गोरोबा हे सगळं ऐकत होता. किल्ल्या, जुडगा त्याला किती कळलं देव जाणे. एवढं कळलं की औषध खरं होतं. तो कल्याणप्पापुढं गेला आणि मला वाटलं आता हात उगारतो. त्यानं त्याचे पाय धरले.

"कल्याणप्पा, तू चोरलंस म्हण," तो म्हणाला. "म्या कागूद मागं घेतो. कुणाला बोलणार न्हाय. बेंबळीच्या बाजारात इकलंस का कुठं इकलंस, तेवढं सांग. म्या चालत जातो. मेंढरं देतो त्यास्नी. पर खरं औषद कुठंतरी हाय म्हण बाबा."

कल्याणप्पा खाली बसला आणि गोरोबाचे खांदे धरून रडायला लागला. "चोरलं असतं तर बरं झालं असतं रे," तो म्हणाला. "आत्ता आणून दिलं असतं."

मी चौथा चोर पकडायला आलो होतो. त्या ओट्यावर बसून मी देवीला विनवत होतो की हा माणूस चोर निघू दे. सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

पाच

त्याच दुपारी चंद्रप्रभाबाई तुळजापूरच्या पुजाऱ्यालाही जमणार नाही अशा चिकाटीनं गल्लीत घरोघर फिरल्या. दुखणेकऱ्यांना सोडून त्यांनी धडधाकट माणसं धरली. दहा जणांचे नमुने हवेत म्हणाल्या. गल्लीत हशा पिकला, बायांनी तोंडाला पदर लावले, पण म्हाळसाबाईनं दटावलं तसे सगळे तयार झाले. तिनं पहिली बाटली स्वतःची दिली. कोंडीरामाच्या घरातूनही तीन नमुने घेतले.

रात्र व्हायच्या आत त्या परत गेल्या आणि तीन दिवसांनी पुन्हा आल्या. कल्याणप्पा तोवर बाणूला मिठाचं पाणी चमच्यानं पाजत होता. पोरीचा आवाज बसला होता, पण तहान लागली की ती अजून मागत होती.

"माणसाच्या पोटात जंतू असतातच," बाई मला दवाखान्यात बसवून सांगू लागल्या. "आवेचे नव्हेत, साधे. आयुष्यभर आपल्या आतड्यात राहतात, काही वाईट करत नाहीत. त्या दहा जणांच्या पोटातले हे साधे जंतू मी बघितले. दहाच्या दहांत तोच चार किल्ल्यांचा जुडगा आहे. कोंडीरामाच्या घरात एकातही नाही."

"विहीर एकच आहे," मी म्हटलं.

"म्हणून पाणी दोषी नाही. हवा एकच, जत्रा एकच, दवाखाना एकच. त्या दहा जणांच्या घरांत असं काय जातं, जे कोंडीरामाकडं जात नाही?"

मी वही उघडली. मीच लिहून, हसून उलटलेलं पान समोर आलं. पिवळी चिमूट.

मी ते वाचून दाखवलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्या हळू बोलत राहिल्या. जुडगा कुणीतरी बाहेरून आणला असणार. जत्रेतला, मुंबईहून आलेला, दवाखान्यात पडून आलेला कुणीही. एकाच्या पोटात आला आणि तसा तो निपचित राहिला असता. पण दोन वर्षं गल्लीतल्या प्रत्येक पोटात टेट्रासायक्लिनची चिमूट जात राहिली. रोग मरेल एवढी ती नव्हती, पण ज्या जंतूंकडं किल्ली नाही ते मरतील एवढी होती. उरले ते किल्लीवाले. एक किल्ली कामाला आली तरी कडीतल्या बाकीच्या तीन तिच्याबरोबर आपोआप टिकल्या. म्हणून न पाहिलेल्या औषधांचीही कुलपं त्यांना उघडता आली.

"पण हे तर साधे जंतू," मी म्हटलं. "बिरूला मारलं ते आवेच्या जंतूंनी."

"आवेचे जंतू बिरूच्या पोटात आले तेव्हा रिकाम्या हातानं आले होते. कोंडीरामाच्या पोरीत आले तसेच. तिच्या पोटात औषधानं ते मेले. बिरूच्या पोटात ते शेजाऱ्यांना भेटले. जंतू एकमेकांना चिकटतात आणि जुडग्याची नक्कल करून एकाकडून दुसऱ्याला देतात. जपानच्या डॉक्टरांनी चार-पाच वर्षांपूर्वी हे दाखवलंय. मी वाचलं तेव्हा मला वाटलं, असेल तिकडं काहीतरी. बिरूकडून ते तसेच सज्ज होऊन बाणूत गेले."

कोडं सुटलं होतं. एकही दुवा निसटत नव्हता. आणि त्या सुटलेल्या कोड्याचं आम्ही काय करावं, हे दोघांनाही सुचत नव्हतं.

"पाचवं औषध?" मी विचारलं.

"माझ्याकडं नाही. सोलापुरात नाही. पोरीच्या अंगात जोर असेल तर ती स्वतः झुंजेल. तेवढं पाणी देत राहायचं." त्यांनी नमुन्यांची यादी पुढं ओढली. "आणखी एक. म्हाळसाबाईंच्या नमुन्यात आवेचे जंतूही निघालेत. त्यांना स्वतःला काही त्रास नाही. पण पेज भरवतात, तोंड पुसतात त्या. एका बाजूनं पोरगी झुंजत असताना दुसऱ्या बाजूनं पुन्हा तेच जायला नको. त्यांनी तिला हात लावायचा नाही."

हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी म्हातारीला कारण सांगितलं नाही, डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे एवढंच म्हटलं. तिनं एकदा नातीकडं बघितलं आणि उठून बाहेर वाड्याजवळ, मेंढरं कोंडतात तिथं, दगडावर जाऊन बसली.

सहा

बाणूच्या दुखण्याचा तो अकरावा दिवस. चंद्रप्रभाबाई मुक्कामाला राहिल्या होत्या. सकाळपासून पोरगी आजीला हाका मारत होती. "आज्ये, इकडं ये की." आवाज इतका बारीक की मेंढरं ओरडली की तो बुडून जायचा. म्हाळसाबाई दगडावरून हलली नाही. हात मांडीवर उपडे ठेवून बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो, कारण आत बसवत नव्हतं.

"सायेब," ती म्हणाली, "गल्लीत समद्यांच्या पोटात ते किडं हायेत म्हणं. कोंडीरामाकडं तेवढं न्हाईत."

"कुणी सांगितलं?"

"कल्याणप्पाच्या तोंडनं कळलं. अन् बाटल्या गोळा करताना बाई इचारत हुत्या, कोण कुणाच्या हातचं खातंय. कोंडीराम माझ्या हातचं खात न्हाय. दोन सालं झाली." तिनं दाराकडं बघितलं. "आता मला नातीला शिवू देत न्हाईत. म्या शाळंत गेले न्हाय, पर मला एवढं जुळवता येतंय."

मी पंचवीस वर्षं लोकांकडून कबुलीजबाब घेतले होते. इतक्या सरळ कुणी दिला नव्हता, आणि मला तो नको होता.

"माझ्या हातनं गेला न्हवं बिरू?" तिनं विचारलं.

तुमचा काही दोष नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. औषध कुणीही वाटलं असतं. वाटून खावं असंच आपण सगळ्यांना शिकवतो. माझ्या घरी देवीचा प्रसाद आला तर माझी आई तो गल्लीत वाटल्याशिवाय तोंडात घालत नाही. हे सगळं मला म्हणायचं होतं. मी नुसता तिच्या हाताकडं बघत राहिलो आणि मला रडू आलं. तिनंच माझ्या पाठीवरून हात फिरवायला उचलला, आणि मध्येच मागं घेतला.

सलाइनची शेवटची बाटली दुपारी संपली. कल्याणप्पा बाहेर तीन दगडांच्या चुलीवर पाणी उकळत होता. गोरोबा दारात उकिडवा बसला होता. चंद्रप्रभाबाई पदरानं कपाळ पुसत बाहेर आल्या आणि म्हातारीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, आत या," त्या म्हणाल्या. "बाणूला मांडीवर घ्या."

म्हाळसाबाई लगबगीनं उठली. "हात धुती. राखंनं धुती."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "तसंच घ्या."

म्हातारी उठली होती ती तिथंच थांबली. बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. बाईंनी मान खाली घातली. म्हाळसाबाईनं ते सगळं नीट बघून घेतलं.

"बरं," ती म्हणाली.

तरी ती आधी चुलीपाशी गेली. चिमूटभर राख घेतली, कल्याणप्पानं तांब्यानं पाणी घातलं, आणि तिनं दोन्ही हात मनगटापर्यंत चोळून चोळून धुतले. पदराला पुसले. मग वाकून दारातून आत गेली.

आतून बाणूचं हाका मारणं थांबलं. आजी आली म्हणून थांबलं की कसं, ते बघायला मी आत गेलो नाही.